पाऱ्याखालची चिंधी

धाकट्या मुलीच्या लग्नात, पंगतीत, व्याह्यांनी मला विचारलं, "आपण गिरणीत नेमकं काय करत होता?" मी म्हणालो, "हवा मोजत होतो." त्यांच्या शेजारचे एक काका जिलबी हातात धरूनच हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मीही मग विषय सोडून दिला आणि मठ्ठा मागितला.

पण थट्टा नव्हती. सोलापुरातल्या एका कापड गिरणीत मी बावीस वर्षं हवाच मोजली. पगारपत्रकावर हुद्दा होता 'ह्युमिडिटी क्लार्क'. तो साचेखात्यात कुणाच्या जिभेला वळला नाही. साचेखातं म्हणजे जिथं माग चालतात तो भाग. गिरणीत मागाला साचा म्हणतात. तिथल्या लोकांनी माझं नाव 'हवामास्तर' ठेवलं आणि निवृत्त होईपर्यंत तेच राहिलं. नव्या कामगाराला माझं खरं आडनाव सांगितलं तर तो विचारायचा, "हे कोन?"

कागदावर मात्र सगळं शुद्ध. माझ्या नोंदवहीच्या प्रत्येक पानावर वर छापलेलं असे: 'साचेखात्यातील वातावरण'. या शब्दाचं आमच्या गिरणीत अमाप पीक होतं. गेटवरच्या सभेत पुढारी सांगायचे, वातावरण तापलंय. साहेब म्हणायचे, काही लोक वातावरण बिघडवतायत. मालक भेटीला येणार असले की वातावरण प्रसन्न करायचं असे, म्हणजे फिनेल टाकायचं, झेंडूच्या माळा बांधायच्या आणि साच्यांवर वाळत घातलेले पंचे काढायचे. संध्याकाळी रेडिओ सांगायचा, वातावरण अंशतः ढगाळ राहील. घरी बायको म्हणायची, "तिथलं रोज मोजता, घरातल्या वातावरणाचं कोण बघणार?" एकदा तर मालकांनीच चालता चालता मला विचारलं, "काय, वातावरण कसं आहे?" मी वहीतला दुपारचा आकडा सांगितला. ते साहेबांकडे बघून हसले. त्यांना संपाबद्दल विचारायचं होतं.

सगळे हा शब्द वाऱ्यावर सोडतात, मी एकटा तो अंशांत लिहितो, असा मला तेव्हा ताठा होता. हा ताठाच पुढं नडला. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय. बसलोय म्हणजे काय, उठतोय आणि बसतोय. सकाळपासून तीनदा खिडकी उघडली आणि दोनदा लावली. बंद खोलीत मला अजून दहा मिनिटं नीट बसवत नाही.

मी मूळचा केमचा. वडिलांनी बार्शीला सायन्सला घातलं, तिथं इंटरला दोनदा आपटलो. पण प्रयोगशाळेत थर्मामीटर वाचायला नीट शिकलो होतो. पारा डोळ्याच्या रेषेत आणायचा, श्वास त्याच्यावर सोडायचा नाही. तेवढ्या विद्येवर गिरणीत चिकटलो.

आता हे काम काय, ते सांगतो. सुताला ओल मानवते. हवा कोरडी झाली की ताण्याचं, म्हणजे मागावरचं उभं, सूत ठिसूळ होतं आणि तटातट तुटतं. सूत तुटलं की साचा थांबतो. विणकरानं वाकून गाठ मारायची आणि पुन्हा सुरू करायचा. त्याची मजुरी कापडावर, तासावर नाही. त्यामुळं प्रत्येक तुटलेला धागा त्याच्या पोटाला चिमटा. आणि सोलापूरची उन्हाळी हवा म्हणजे पापड-कुरडयांना वरदान, सुताला वैरीण. म्हणून साचेखात्याच्या खिडक्या बंद ठेवायच्या आणि छताखालच्या नळ्यांतून पाण्याचे बारीक फवारे सोडायचे. पाणी कमी पडलं तर बॉयलरची वाफ सोडायची.

पण सुताला जी हवा मानवते ती माणसाला मानवत नाही. वाफेत घाम वाळत नाही, छाती भरून येते, डोळ्यांपुढं अंधारी येते. वर कापसाची पिंजर उडत असते ती वेगळीच. म्हणून कायद्यानं हवेला एक खूण घालून दिली होती. तिच्या वर ओल गेली की वाफ बंद. ती गेली की नाही हे सांगणारा मी.

ते मी सांगायचो दोन थर्मामीटरवरून. भिंतीवरच्या लाकडी फळीवर दोन शेजारी शेजारी टांगलेले. एकाचा खालचा गोळा उघडा, तो सुका पारा. दुसऱ्याच्या गोळ्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचं टोक खालच्या छोट्या बाटलीत, पाण्यात बुडालेलं, तो ओला पारा. चिंधीतलं पाणी वाळताना गोळा गार होतो, म्हणून ओला पारा नेहमी सुक्याच्या खाली. हवा जितकी कोरडी, तितकं दोघांत अंतर जास्त. हवेत ओल वाढली की चिंधी वाळेनाशी होते आणि ओला पारा वर सरकत सुक्याला गाठायला निघतो.

यात एकच गोम. चिंधी कोरडी पडली तरीसुद्धा तो वर चढतो, कारण मग त्याला ओला म्हणण्यात अर्थच राहत नाही. म्हणजे खात्यातली हवा खडखडीत कोरडी असली तरी पारा सांगणार की चिंब आहे. म्हणून आकडा वाचण्याआधी चिंधीला बोट लावून बघायचं. पहिल्या दिवशी पहिली हीच गोष्ट शिकवतात.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. गिरणीच्या विहिरीनं तळ दाखवला. फवारे बंद पडले आणि दिवसभर नुसती वाफ. प्यायच्या पाण्याचा टँकर यायचा तोही मनाला येईल तेव्हा. साचेखात्यात माणशी पाळीला दोन तांबे पाणी असा नियम झाला. प्रत्येकानं घरून आपला तांब्या आणायचा, त्यावर आपल्या तिकिटाचा, म्हणजे हजेरीचा, नंबर कोरून घ्यायचा. पिंपाजवळ शिवलिंगप्पा जॉबर उभा राहून वाटप करायचा. जॉबर म्हणजे साच्यांच्या एका रांगेवरचा मुकादम. हा अक्कलकोटकडचा, आवाज भोंग्याच्या तोडीचा. पाणी कमी-जास्त झालं तर मराठीत सुरुवात करून शिव्या कानडीत संपवायचा.

माझ्या बाटलीला घोटभरच पाणी लागायचं, पण पिंपातलं मागायची लाज वाटायची. मी ते घरून औषधाच्या बाटलीतून आणत होतो.

त्या महिन्यात माझ्यावर दोन्हीकडून माणसं खवळलेली. पारा खुणेवर गेला की मी वाफ बंद करायला लावायचो. साहेब म्हणायचे, "मास्तर, एखादा अंश वर गेला तर आभाळ कोसळतं का?" मी वही पुढं करायचो. शिवलिंगप्पा हातवारे करायचा, "यप्पा! ओ मास्तर, तुमचा पारा आमच्या पोटावर का बसलाय? वाफ बंद केलाव की सूत तुटतंय, ठावं हाय ना?" त्याचंही खरं होतं. ज्यांच्या छातीसाठी मी वाफ बंद करत होतो, त्यांचीच मजुरी त्यानं बुडत होती. तरी मी एक अंश हलवला नाही. मनातून स्वतःचीच पाठ थोपटत होतो.

आणि एक चमत्कार सुरू झाला. दिवसाआड, दुपारच्या वेळी, ओला पारा एकदम उडी मारायचा. मी वाफ बंद करायचो. दोन तासांनी बघावं तर पारा शहाण्यासारखा खाली. असं चार-पाच वेळा झालं. साहेब म्हणाले, "तुमचा पारा जेवणानंतरच का चढतो हो?" खातं हसलं. मला ते लागलं.

इथं एक कबूल केलं पाहिजे. बाटलीत पाणी दिसलं की मी पुढं जात होतो. चिंधीला बोट लावायचा कंटाळा अंगात शिरला होता.

एका दुपारी मी वेळेआधी येऊन खांबाआड उभा राहिलो. थोड्या वेळानं नरसय्या आपले दोन साचे सोडून फळीकडे आले. चिंधीचं टोक पाण्यातून वर काढलं, खांद्यावरच्या पंच्यानं गोळा हलकेच टिपून घेतला, जसं तान्ह्या मुलाचं नाक पुसावं तसा, आणि परत गेले. वाफ बंद झाली की टोक पुन्हा पाण्यात सोडत असणार.

नरसय्या शहराच्या पूर्व भागातले पद्मशाली विणकर. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, हडकुळे, कमी बोलणारे. त्यांच्या कापडात खोट काढायला साहेबसुद्धा धजत नसत. दुसऱ्या कुणाला पकडलं असतं तर मला इतका राग आला नसता.

जेवणाच्या सुट्टीत साचे थांबले, पिंपापाशी रांग लागली, आणि मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडलो. एरवी मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचो. त्या दिवशी म्हणालो, "नरसय्या, तू माझा पारा खोटा पाडलास! पाच वेळा! चोर आहेस तू!"

रांगेतले लोक त्यांच्याकडे वळले. त्यांच्यामुळं वाफ बंद पडत होती, सूत तुटत होतं, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. शिवलिंगप्पानं पाण्याचा डबा पिंपात आपटला.

नरसय्या मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, "मास्तर, चुकलो. वाफ सोडली की छातीत शिट्टी वाजलाल्ती. दोन तास बंद झाली की पुन्हा उभं ऱ्हाता येतंय, म्हणून केलो."

"मग डॉक्टरला दाखवा. साहेबांना सांगा."

"सांगितलो तर साचे काढून घेतील की. गोदामात घालतील. मला दुसरं काय येतंय?" मग माझा हात धरून म्हणाले, "मार्कंडेयाची शप्पत, पुन्हा चिंधीला हात न्हाय लावणार. साहेबाला सांगू नका तेवढं."

मी साहेबांना सांगितलं नाही, आणि त्याचाही मला मोठेपणा वाटला. पण मी ओरडलो होतो शंभर माणसांत. साहेबांच्या कानावर ते संध्याकाळच्या भोंग्याआधीच गेलं असणार.

पुढचा आठवडाभर मी प्रत्येक वेळी चिंधीला बोट लावलं. ओली. नेहमी ओली. बाटलीही सकाळी आलो की भरलेली सापडायची. शिवलिंगप्पानं सोय लावली असेल असं मी धरून चाललो आणि घरून औषधाची बाटली आणणं बंद केलं. हळूहळू बोट लावणंही सुटलं.

जूनच्या सुरुवातीला एक दिवस आभाळ गच्च भरून आलं. थेंब नाही, वारा नाही, पानसुद्धा हलेना. असा दिवस मी आधी पाहिला नव्हता असं नाही. हवा मोजणाऱ्यानं सकाळी घराबाहेर पाऊल टाकतानाच ओळखायला हवं होतं की आज ओल बाहेरूनच येणार आहे, वाफ लागणारच नाही. पण माझं डोकं भलत्याच विचारात होतं. सकाळीच साहेबांनी ऐकवलं होतं की त्या दिवशी माल पुरा व्हायलाच हवा.

दुपारी फळीपाशी गेलो. ओला पारा खुणेच्या कितीतरी वर, सुक्याला जवळजवळ टेकलेला. मी वळून बघितलं. नरसय्या साच्याच्या कडेला हात टेकून थेट माझ्याकडेच बघत होते. तोंड उघडं, कपाळ घामानं निथळलेलं. आमची नजर मिळाली तशी त्यांनी मान हलवली.

मला वाटलं, पुन्हा! शपथ घेऊन पुन्हा! चिंधीला बोट लावायचं तर एक पाऊल पुढं टाकायचं होतं. चिंधी कोरडी असती तर ती भिजवून पाव तास थांबून पुन्हा वाचायचं होतं. तेवढी सबुरी मला नव्हती. खोटा आकडा वहीत जाऊ द्यायचा नाही, हे माझं तत्त्व! म्हणून मी काय केलं, तर आदल्या दिवसाचा दुपारचा आकडा लिहिला. शाईनं. खाली सही केली. वाफ चालूच राहिली.

ते माझ्याकडे बघत होते कारण त्यांना श्वास घेता येत नव्हता, आणि वाफ बंद करणारा माणूस तिथं मी एकटाच होतो. हे समजायला मला अर्धा तास लागला. अर्ध्या तासानं ते दोन साच्यांच्या मधल्या बोळात कोसळले. एक साचा तसाच चालू होता. शिवलिंगप्पानं धावत येऊन तो थांबवला आणि त्यांना खांद्यावर टाकून बाहेर नेलं. जाताना ओरडत होता, "वाफ बंद करा! मास्तर, वाफ बंद करा की!"

वाफ बंद करायला सांगून मी फळीकडे धावलो आणि चिंधी चिमटीत धरली. पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

नरसय्या वाचले. दवाखान्यात चार दिवस होते. पाचव्या दिवशी ऑफिसात चौकशी झाली. टेबलामागं साहेब आणि लेबर ऑफिसर, एका बाजूला मी आणि शिवलिंगप्पा, समोर नरसय्या उभे. भिंतीला हात टेकू नये म्हणून धडपडत होते. प्रश्न साधा होता. हवा खुणेच्या वर असेल तर दोष गिरणीचा, आणि बरे झाल्यावर साचे पुन्हा नरसय्यांचे. हवा ठीक असेल तर हा माणूसच साच्याला नालायक.

साहेबांनी माझी वही उघडली. "नोंदीप्रमाणे त्या दुपारी वातावरण समाधानकारक आहे."

"पारा वर हुता साहेब," नरसय्या म्हणाले. "मी बघितलो."

"तू बघितलास? की पुसलास?" साहेब हसले. "तुझी ती कला सगळ्या खात्याला माहीत आहे."

लेबर ऑफिसरही हसले. नरसय्यांनी मान खाली घातली नाही. म्हणाले, "मास्तरांना विचारा. पडलो तवा चिंधी ओली हुती का कोरडी, तेवढंच विचारा. ते खोटं लिहीत न्हाईत."

साहेब माझ्याकडे वळले. अगदी सौम्यपणे म्हणाले, "बोला मास्तर. मात्र वहीवर सही तुमची आहे, हे ध्यानात असू द्या."

मला सगळं दिसत होतं. 'ओली होती' म्हणालो तर आकडा माझ्या मनाचा ठरणार. खोटी नोंद, कायद्याचा गुन्हा, नोकरी गेली. घरी बायकोला दिवस गेले होते. आता कारणं शोधत नाही, मी घाबरलो. वरचा पंखा कुईकुई करत होता, खिडकीची झडप वाजत होती, आणि मी म्हणालो, "आठवत नाही."

शिवलिंगप्पानं माझ्याकडे बघितलं. पुढं सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही.

नरसय्या "बरं" म्हणाले आणि आपला पंचा खांद्यावर नीट करून बाहेर गेले. त्यांचे साचे काढून घेतले. गोदामात गठ्ठे मोजायला घातलं. तिथं ते महिनाभर टिकले, मग गिरणी सोडली.

त्यानंतर मी सुधारलो, असं म्हणायला हरकत नाही. प्रत्येक वाचनाआधी चिंधीला बोट लावायचो, एकदा नाही तीनदा. पाळीत तीन नोंदी पुरे असताना दहा करायचो. पारा खुणेच्या वर गेला की साहेबांच्या तोंडावर तोच आकडा लिहायचो आणि त्यांची बोलणी खायचो. पण उपाशी माणसाच्या दारात दुसऱ्या दिवशी ताट नेल्यासारखं ते होतं. लोक म्हणायला लागले, मास्तर एका जागी ठरत नाहीत. कसा ठरणार? बसलो की मनगटावरून पाणी ओघळल्यासारखं वाटायचं.

नरसय्यांना जाऊन सांगायचं, हे मी रोज ठरवत होतो. त्याला सहा वर्षं लागली. शिवलिंगप्पा निवृत्त होताना, निरोपाचा पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "नरसय्या हाय अजून. घरी बसून कांड्या भरतोय. जाऊन या की एकदा." बस्स, इतकंच.

रविवारी सकाळी गेलो. पूर्व भागात गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट चालू होता. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा जाऊन परत फिरलो. पानाच्या टपरीवाल्यानंच विचारलं, "कुणाकडं जायचंय? मघापासनं फिरलालाव की." त्यानं घर दाखवलं. मग पळायची सोय राहिली नाही.

नरसय्या उंबऱ्याशी चरखा घेऊन बसले होते. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची गुंडाळी. शेजारच्या मागवाल्यासाठी ते भरून द्यायचे. आणखी वाळले होते. दोन फेरे झाले की थांबून श्वास घ्यायचे. मला बघून म्हणाले, "या मास्तर," जणू काल भेटलो होतो. आत बघून तेलुगूत बायकोला काहीतरी सांगितलं.

मी उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. "नरसय्या, त्या दिवशी चिंधी ओली होती. चांगली चिंब होती. मी हातात धरून बघितली होती. मला आठवत होतं."

त्यांनी चाक थांबवलं नाही. "ठावं हाय की," म्हणाले. "त्यात पाणी मीच घातलो हुतो."

मला काही कळेना.

"तुमी वरडलाव ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं रोज सकाळी मीच बाटली भरत हुतो. म्हटलो, बाटली रिकामी पडली तर मास्तर माझ्यावरच येणार. आन् तुमचा पारा माझ्यापायी पाच डाव खोटा पडला हुता, तेबी मनाला लागलं हुतं."

"मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

आता मात्र चाक थांबलं. "काय सांगणार? बाटलीला हात लावलो हुतो म्हणलो असतो तर साहेब म्हणाले असते, बघा, पुन्हा लावला. माझं कोण ऐकणार हुतं? म्हणून तर तुमचं नाव घेतलो."

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं पाण्यानं भरलेला पितळी तांब्या माझ्यापुढं धरला. गळ्यापाशी तिकिटाचा नंबर कोरलेला होता, घासून घासून पुसट झालेला.

"नरसय्या," मी विचारलं, "त्या उन्हाळ्यात बाटलीसाठी पाणी कुठलं आणत होता?"

त्यांनी तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्यातलंच की," म्हणाले. "प्या."